पिल्लं तोंडात, श्वासही तोंडातूनच

पाच-सात मिलिमीटरच्या पिल्लांचा थवा एका माशाच्या तोंडासमोर जमतो. मासा जबडा उघडतो, पाणी आत ओढतो आणि बघता बघता सगळा थवा गडप होतो. मोबाईलवर फिरणारे असे व्हिडिओ पाहून बहुतेकांना वाटतं, आईनेच पोरं खाल्ली. प्रत्यक्षात तिने गिळलेलं काहीच नसतं. पिल्लं घशाखाली उतरलेली नसतात, तोंडाच्या पोकळीत सुखरूप असतात. धोका टळला की ती त्यांना पुन्हा बाहेर सोडते.

अंडी किंवा पिल्लं तोंडात धरून वाढवण्याच्या या पद्धतीला मुखपालन म्हणतात. माशांच्या एकमेकांशी फारसं नातं नसलेल्या अनेक कुळांत ती स्वतंत्रपणे निर्माण झाली आहे. आशियाई अरोवाना, समुद्रातले काही शिंगाळे आणि बेट्टांच्या काही जाती यांच्यात हे काम बाप करतो. आफ्रिकेतल्या बहुतेक मुखपालक माशांमध्ये ते आईकडे असतं.

इथे मी यांपैकी एकाच छोट्या माशाबद्दल सांगणार आहे. रंगरूपात त्याला मागे टाकणारे मुखपालक मासे पुष्कळ आहेत. पण तोंड भरलेलं ठेवणं जिथे सगळ्यात महाग पडतं, नेमक्या तशा पाण्यात या माशाने संसार थाटला आहे. आणि त्याच पाण्यामुळे तो वाचलाही आहे.

हा मासा कोण, राहतो कुठे

त्याचं शास्त्रीय नाव स्यूडोक्रेनिलॅब्रस मल्टिकलर. मत्स्यालयाची हौस असलेले लोक त्याला इजिप्शियन माउथब्रूडर म्हणून ओळखतात. शास्त्रीय नावाने त्याचं वर्णन १९०३ साली झालं आणि त्या काळापासून तो युरोपातल्या हौशी लोकांच्या टाक्यांत आहे. तिलापिया ज्या सिक्लिड कुळातला, त्याच कुळातला हाही. पण तिलापिया हातभर वाढतो, हा जेमतेम सात-आठ सेंटिमीटर. मादी त्याहूनही लहान.

नराच्या पिवळसर अंगावर निळ्या-हिरव्या खवल्यांची चमक असते. पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे जो पर असतो, त्याच्या टोकाला नारिंगी ठिपका असतो. मादी मातकट, कुठेही नजरेत न भरणारी. जिला पुढचे दोन आठवडे लपून काढायचे आहेत, तिला हेच सोयीचं.

इजिप्तमधल्या नाईलच्या त्रिभुज प्रदेशापासून थेट युगांडापर्यंत, नाईलच्या खोऱ्यात तो पसरलेला आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास त्याची एक वेगळी उपजात राहते. मोठ्या सरोवराच्या खोल, मोकळ्या पाण्यात मात्र तो शोधू नये. ओढे, काठाचं उथळ पाणी आणि गच्च वाढलेल्या पॅपिरसच्या दलदली ही त्याची जागा. पॅपिरस ही लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती, चार-पाच मीटर उंच वाढणारी. प्राचीन इजिप्तमध्ये लिहायचे कागद बनत ते हिच्यापासूनच.

अंडी तोंडात जातात कशी

नर तळाशी एक उथळ खळगा साफ करतो आणि थरथरत, पर फुलवून मादीला तिथे बोलावतो. दोघं त्या खळग्यावर गोल गोल फिरतात. मादी थोडी अंडी घालते, लगेच वळते आणि ती तोंडात उचलते. पुन्हा फेरी, पुन्हा थोडी अंडी. अंडी उघड्यावर राहतात ती क्षणभरच.

या घाईत फलन कसं होतं, हा प्रश्न साहजिक आहे. मादी नराच्या त्या नारिंगी टोकाच्या परापाशी तोंड नेते, तिथे नराचे शुक्राणू पाण्यात सुटलेले असतात, ते पाण्याबरोबर तिच्या तोंडात शिरतात. आफ्रिकेतल्या इतर अनेक सिक्लिड नरांच्या याच परावर हुबेहूब अंड्यासारखे गोल ठिपके असतात. मादी त्यांना आपलीच राहिलेली अंडी समजून टिपायला जाते आणि म्हणून फलन पक्कं होतं, अशी कल्पना जर्मन वर्तनशास्त्रज्ञ वोल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये मांडली. कल्पना इतकी सुरेख की ती लगेच पाठ्यपुस्तकांत गेली. पुढच्या प्रयोगांनी मात्र चित्र बरंच गुंतागुंतीचं केलं. काही जातींत हे ठिपके मादीला भुलवण्यापेक्षा दुसऱ्या नराला दबकवण्यासाठीच जास्त उपयोगी पडतात असं दिसलं. आपल्या माशाकडे तर असे नक्षीदार ठिपके नाहीतच, फक्त ते नारिंगी टोक आहे, आणि तरीही त्याचं काम बिनदिक्कत चालतं.

तोंडातले दोन आठवडे

अंडी घेतलेली मादी लगेच ओळखू येते. हनुवटीखालची कातडी ताणून पिशवीसारखी लोंबते, डोकं शरीराच्या मानाने मोठं वाटू लागतं, तोंड पूर्ण मिटत नाही. ती आडोशाला जाऊन उभी राहते. जरा वेळ नीट पाहिलं तर जबडा मधूनमधून चघळल्यासारखा हलताना दिसतो. त्या हालचालीने ती आतली अंडी घोळवत असते. अंडी एकाच जागी पडून राहिली तर त्यांच्याभोवतीचं पाणी शिळं होतं, बुरशी धरते आणि अंडी मरतात. मत्स्यबीज तयार करणारे लोक आईविना अशी अंडी वाढवतात तेव्हा त्यांनाही पाण्याचा प्रवाह सोडून अंडी सतत हलती ठेवावी लागतात.

अंड्यात बलक भरपूर असतो, त्यामुळे पिल्लांना बाहेरून खाऊ लागत नाही. आई मात्र या काळात जवळजवळ उपाशी असते. तोंडात पिल्लं असताना खायचं कसं? ती दिवसेंदिवस खंगत जाते, पोट आत जातं, पाठीचं मांस उतरतं. पाण्याच्या तापमानानुसार दहा ते चौदा दिवसांनी पोहू शकणारी पिल्लं बाहेर येतात.

तरी जबाबदारी संपत नाही. पुढचा आठवडाभर रात्री आणि संकटाच्या वेळी ती त्यांना परत आत घेते. संकटाची चाहूल लागली की ती डोकं खाली झुकवते आणि सावकाश मागे सरकू लागते. पिल्लं तिच्या डोक्याकडे झेपावतात, तोंडाभोवती दाटी करतात, आणि ती त्यांना ओढून घेते. व्हिडिओत जे दिसतं ते हेच.

पिल्लं आईचा चेहरा ओळखतात असं मात्र समजू नये. मुखपालक सिक्लिडांच्या पिल्लांसमोर नकली मासे ठेवून पूर्वीपासून प्रयोग झाले आहेत. पिल्लं काळसर ठिपक्यांकडे, खोलगट जागांकडे जातात असं त्यांत दिसलं. आईच्या डोक्यावर डोळे आणि तोंडाची फट नेमकी तशीच दिसते.

ती पिल्लं कधीच खात नाही का?

खाते. तरुण माद्या पहिल्या-दुसऱ्या खेपेची अंडी बऱ्याचदा गिळून टाकतात. मत्स्यालयात सतत हुसकलं गेलं, जाळी फिरली, टाकी बदलली, तरी गिळतात किंवा थुंकून देतात. याला क्रूरपणा म्हणता येणार नाही. निम्मी अंडी आधीच गेली असतील, अंगात पुरेशी चरबी नसेल, तर दोन आठवडे उपास करून उरलेली चार पिल्लं वाढवण्यापेक्षा ताकद राखून पुढची खेप नीट पार पाडणं तिच्या दृष्टीने फायद्याचं ठरतं. म्हणूनच टाकीत अशी मादी असेल तर तिला एकटं, शांत राहू देणं ही तिची सगळ्यात मोठी सेवा.

इतकी थोडी अंडी घालून भागतं?

साधा कार्प मासा एका खेपेला लाखांच्या घरात अंडी सोडतो आणि विसरतो. आपल्या या मादीची अंडी डझनांत मोजायची, मोठी मादी असली तर शंभराच्या आसपास. तोंडात मावतील तितकीच घालता येतात, हे गणित उघड आहे. पण कार्पच्या अंड्यांपैकी जगतात अगदी मोजकी. इथे सुरुवातीचे सगळ्यात धोक्याचे दिवस पिल्लं आईच्या जबड्यात काढतात, आणि बाहेर पडतात ती पोहायला शिकूनच.

अर्थात हा किल्लाही अभेद्य नाही. टांगानिका सरोवरातला एक ठिपकेदार मार्जारमासा, सायनोडोंटिस मल्टिपंक्टेटस, सिक्लिडांची जोडी अंडी घालत असताना मध्ये घुसतो आणि आपलीही अंडी सोडतो. घाईघाईत मादी सगळीच उचलते. मार्जारमाशाची पिल्लं अंड्यांतून आधी बाहेर येतात आणि आईच्या तोंडातच तिची खरी पिल्लं फस्त करतात. जपानी संशोधक तेत्सू सातो यांनी १९८६ मध्ये हे जगासमोर आणलं. कोकिळेचा कावा पाण्याखालीही चालतो, हे तेव्हा कळलं.

खरी अडचण श्वासाची आहे

उपासाचं सगळ्यांच्या लक्षात येतं, श्वासाचं येत नाही. मासा तोंडाने पाणी आत घेतो, ते दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांवरून बाहेर सोडतो आणि कल्ले त्यातला प्राणवायू शोषून घेतात. म्हणजे माशाचं तोंड हेच त्याचं नाकही. तुम्ही मोठा घास तोंडात धरून, तो न गिळता, नाक दाबून जिना चढायचा ठरवला तर जे होईल, त्याच्या जवळपासचं काहीतरी ही मादी दोन आठवडे रोज भोगते. शिवाय आत धरलेली अंडीही स्वतः श्वास घेत असतात.

त्यात पाण्याची मूळचीच कंजुषी. एक लिटर हवेत साधारण २७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंश तापमानाच्या, हवा चांगली मिसळलेल्या एक लिटर पाण्यात तो असतो आठ मिलिग्रॅमच्या आसपास. पॅपिरसच्या दलदलीत आत शिरलं की हा आकडा अनेकदा एकच्याही खाली जातो. वर पॅपिरसचं दाट छत असल्याने ऊन पोचत नाही, मग पाण्यातल्या शेवाळाकडून प्राणवायू तयार होत नाही. वारा लागत नाही, त्यामुळे पाणी ढवळलं जात नाही. तळाशी कुजणारा पाला असेल तेवढा प्राणवायू खाऊन टाकतो.

अशा पाण्यात मासे एक युक्ती करतात. पाण्याचा अगदी वरचा पातळ थर हवेला टेकलेला असतो, म्हणून त्यात प्राणवायू जास्त असतो. मासा तिरका होऊन तोंड पृष्ठभागाला लावतो आणि तेवढाच थर कल्ल्यांवरून फिरवतो. युगांडातल्या या माशांवर केलेल्या प्रयोगात पाण्यातला प्राणवायू हळूहळू कमी करत नेला. तोंडात अंडी असलेल्या माद्या इतर माद्यांच्या आधीच, म्हणजे प्राणवायू अजून बरा असतानाच, पृष्ठभागाकडे गेल्या आणि तिथे जास्त वेळ राहिल्या. पृष्ठभाग ही निर्धास्त जागा नव्हे, तिथे वरून खंड्या आणि बगळे टपलेले असतात. पिल्लांच्या सुरक्षिततेसाठी आई स्वतःची सुरक्षितता किती गहाण टाकते, ते या प्रयोगात दिसतं.

मग अशा पाण्यात राहायचंच कशाला?

कारण तिथे शत्रू येऊ शकत नाही.

गेल्या शतकाच्या मध्यावर, १९५० च्या दशकापासून, व्हिक्टोरिया सरोवरात नाईल पर्च हा मासा बाहेरून आणून सोडला गेला. हा शिकारी दोन मीटरपर्यंत वाढतो. सोडण्यामागे मासेमारी वाढावी हा हेतू होता, आणि ती वाढलीही. पण १९८० च्या दशकात त्याची संख्या भडकली आणि जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या सिक्लिडांच्या शेकडो जाती पाहता पाहता दिसेनाशा झाल्या. माशांच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या सामूहिक ऱ्हासांत याची गणना होते, आणि मला वाटतं, त्याबद्दल जितकं बोललं जायला हवं तितकं अजूनही बोललं जात नाही.

युगांडात व्हिक्टोरियाच्या पश्चिम काठाला, वाळूच्या एका बांधाने वेगळं झालेलं नाबुगाबो नावाचं छोटं सरोवर आहे. तिथेही १९६० आणि १९६३ मध्ये नाईल पर्च सोडला गेला. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या लॉरेन चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परिसरात अनेक वर्षं काम केलं. सरोवराच्या मोकळ्या पाण्यातून नाहीसे झालेले काही मासे काठाच्या दलदलीत तग धरून आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं. आपला मुखपालक त्यातलाच. नाईल पर्चला कमी प्राणवायू सोसत नाही, दाट देठांमधून तो शिरूही शकत नाही. इवल्या माशाला मात्र ते सोसतं. जे पाणी आईचा श्वास महाग करतं, तेच तिच्या पिल्लांच्या दाराशी राखण करतं.

कल्ले वाढले, पण जागा कोणाची गेली?

दलदलीतल्या माशांचे कल्ले मोकळ्या पाण्यातल्या त्यांच्याच भाऊबंदांपेक्षा मोठे असतात. हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने झालं की वाढीच्या काळात शरीर परिस्थितीप्रमाणे बदललं? चॅपमन यांच्या गटाने सोपा उपाय केला. एकाच मादीची पिल्लं दोन गटांत विभागली. एक गट भरपूर प्राणवायूच्या पाण्यात वाढवला, दुसरा कमी प्राणवायूच्या. आईबाप तेच, तरी कमी प्राणवायूतल्या पिल्लांचे कल्ले मोठे झाले. म्हणजे बदलाचा मोठा भाग एकाच आयुष्यात घडू शकतो. विकासाच्या काळातल्या या लवचिकपणामुळे नवं पाणी लाभलेला मासा लगेच हरत नाही.

पण डोक्याची कवटी काही मोठी होत नाही. तिथे आधीच जबड्याचे स्नायू, डोळे, मेंदू आणि या कुळाचं वैशिष्ट्य असलेला घशातला दुसरा जबडा यांची खेचाखेच असते. मोठ्या कल्ल्यांनी स्नायूंची जागा खाल्ली आणि त्या माशांची खाण्यातली चपळाई घटली. कमी प्राणवायूत वाढलेल्यांचा मेंदूही लहान भरला. मेंदू हा प्राणवायूचा सगळ्यात उधळा गिऱ्हाईक, त्यामुळे काटकसर तिथे व्हावी हे समजण्यासारखं आहे. यावरून दलदलीतला मासा मंद असतो असा निष्कर्ष काढणं चुकीचं. त्याच्या पाण्यात जगायला लागणारी हुशारी त्याच्याकडे आहे, नाहीतर तो उरलाच नसता.

प्राणवायू कमी असणं फायद्याचं, तर सांडपाणीही चालेल?

नाही, आणि इथे गल्लत होऊ देऊ नये. दलदलीतली टंचाई हजारो वर्षांची आहे, तिचा अंदाज असतो, माशांची शरीरं तिला सरावलेली असतात, आणि दोन हात वर पृष्ठभाग असतो. सांडपाणी आणि शेतातली खतं सरोवरात आली की शेवाळ माजतं, कुजतं आणि खोल पाण्यातला प्राणवायू संपवतं. हा तुटवडा तिथे येतो जिथल्या माशांनी तो कधी पाहिलेला नसतो. शिवाय पाणी गढूळ होतं. ज्या माशांत माद्या रंग बघून नर निवडतात, त्यांच्यासाठी गढूळपणा फार घातक. रंग दिसेनासे झाले की जवळच्या जातींमधली सीमाच पुसली जाते. व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिडांच्या बाबतीत हे १९९७ मध्ये दाखवून दिलं गेलं. नाईल पर्चने जे राहू दिलं, त्यातलं काही गढूळपणाने नेलं.

वाढत्या उष्णतेचाही प्रश्न आहे. ३० अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो, आणि त्याच वेळी गरम पाण्यातल्या माशाची गरज मात्र वाढते. तोंड भरलेल्या आईला हे दोन्हीकडून जाचतं.

हा मासा धोक्यात नाही, मग काळजी कसली?

जागतिक यादीत हा मासा धोक्यातला मानला जात नाही, हे खरं. नाईलच्या एवढ्या मोठ्या खोऱ्यात तो आहे, मत्स्यालयांतही आहे. प्रश्न त्याच्या शेजाऱ्यांचा आहे. एनगेगे नावाचा तिलापिया एके काळी व्हिक्टोरिया सरोवरातल्या मच्छीमारांचं मुख्य उत्पन्न होता. तोही मुखपालकच. मोठ्या सरोवरात तो जवळपास संपला आणि आज अतिधोक्यातल्या जातींत मोजला जातो. त्याचे उरलेले कळप सापडतात ते केनियातल्या कान्याबोलीसारख्या छोट्या सरोवरांत. कान्याबोली आणि व्हिक्टोरिया यांच्यामध्ये ‘याला’ नावाची विस्तीर्ण दलदल पसरलेली आहे, म्हणून.

आणि दलदल ही पडीक जमीन समजली जाते. ती जाळून, पाणी काढून तिथे शेती करणं सोपं असतं, चटया विणायला पॅपिरस तोडणं हीही काठावरच्या लोकांची गरज असते. त्या गरजेला नाव ठेवण्यात अर्थ नाही. पण कुठला भाग तोडावा आणि कुठला राखावा, याला महत्त्व आहे. दलदलीच्या अगदी आतल्या भागात फार थोड्या जाती तग धरतात. जास्त मासे राहतात ते तिच्या सरोवराकडच्या कडेला. तिथे आडोसा पुरेसा असतो, आणि प्राणवायूही जगण्यापुरता मिळतो. नाबुगाबोच्या पाणथळ प्रदेशाला २००४ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळालं. यादीत नाव आल्याने कडा आपोआप राखली जात नाही. तोडणी सुरू होते तीही नेमकी कडेपासूनच, कारण होडी तिथेच लागते.